कुणाची चावी सुटली?

लेथचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी शेडच्या दाराशेजारच्या पत्र्यावर असा दणका बसला, की जोतीरामला वाटलं पत्राच फाटला. हात आपोआप परत बटणावर गेला. लोखंड जबड्यात धरून फिरवणारा चक मंदावला, थांबला, आणि आपण त्या गावचेच नाही अशा शहाजोगपणे उभा राहिला. भिंतीतल्या खिळ्यावर चावी नव्हती. ती उंबऱ्याच्या आत लोखंडाच्या किसात पडली होती. चकचे जबडे आवळायची आणि ढिले करायची, वीतभर लांबीची, आडव्या दांड्याची जड चावी. ती चकमध्ये तशीच राहिली होती आणि त्यानं मशीन सुरू केलं होतं. उंबऱ्याच्या बाहेर वच्छला, त्याची बायको, उभी होती. तिच्या हातात कपबशी होती आणि अर्धा चहा बशीत सांडला होता. पत्र्याला पडलेला पोचा तिच्या डोक्यापासून हातभरही लांब नव्हता. "अवं, काय झालं?" तिनं विचारलं. "माकडं," जोतीराम म्हणाला, "वर माकडं आली असतील." हा शब्द तोंडात कुठून आला कोण जाणे, पण आला तो इतका बिनबोभाट, की त्याचा त्यालाच धाक वाटला. तेवढ्यात पडवीतल्या खाटेवरून त्याच्या वडिलांचा, आण्णांचा, आवाज आला. सकाळी काय खाल्लं ते दुपारी ज्यांना आठवत नाही, त्या आण्णांनी गिरणीतल्यासारख्या खणखणीत आवाजात विचारलं, "कुणाची चावी सुटली?"

वच्छला उंबऱ्याबाहेरूनच कप आत सरकवून निघून गेली. ती आत आली नाही याचं कारणही तोच होता. आदल्याच दिवशी तो तिच्यावर खेकसला होता, "सारकं सारकं आत येऊ नको, पायाला कीस लागतोय, माझं ध्यान मोडतंय." ती आत आली असती तर कुठं उभी राहिली असती? खिळ्यापाशी? चकसमोर? तो मनातल्या मनात तिला शेडमध्ये इथं उभी करून बघायचा, तिथं उभी करून बघायचा आणि प्रत्येक वेळी चावी तिच्यापर्यंत पोचायची. त्यानं चावी उचलली, फडक्यानं पुसली, खिळ्यावर लावली. मग परत काढली आणि परत लावली. असं कितीदा केलं असतं कोण जाणे, पण आण्णांनी पुन्हा हाक दिली, "अरं, कुणाची सुटली?"

हा आवाज आण्णांना ओळखता यावा यात नवल काहीच नव्हतं. उभा जन्म त्यांनी सोलापुरातल्या एका गिरणीच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून काढला होता. मंद्रूपची शेती भावाच्या गळ्यात घालून ते शहरात आले ते लेथला येऊन चिकटले, आणि पुढं जोतीरामलाही त्यांनीच हाताला धरून त्याच वर्कशॉपात उभा केला. पहिल्या दिवशी त्यांनी मशीन शिकवलं नाही. चावी हातात दिली आणि सांगितलं, "चावी चकात, तर हात चावीवर. हात सुटला की चावी भाईर." दुसरं काही नाही. आणि त्या वर्कशॉपात एक रीत होती. ज्याची चावी चकात राहील, मग ती उडो वा न उडो, त्यानं ती सुतात ओवून गळ्यात घालायची आणि गिरणीचा भोंगा होईपर्यंत काढायची नाही. सुताला काय तोटा, गिरणीच सुताची होती. त्या माणसानं त्याच चावीसकट काम करायचं, त्याच चावीसकट भाकरी खायची, तिच्यासकटच संडासला जायचं. कुणी हसत नसे. हसणं राहू दे, त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नसे आणि तेच वाईट होतं. गुरु नावाचा एक चांगला धिप्पाड टर्नर होता. तो गळ्यात चावी घेऊन जेवायला बसला आणि भाकरीचा घास तोंडात धरूनच रडायला लागला, ते जोतीरामनं डोळ्यांनी बघितलं होतं. सुताची गाठ मारायचे ते आण्णा. आण्णांच्या गळ्यात चावी कधी आली नाही आणि जोतीरामच्याही नाही. गिरणी बंद पडली, भोंगा बंद पडला, मग जोतीरामनं एमआयडीसीतल्या कारखान्यांत दिवस काढले, आणि शेवटी भंगारवाल्याकडून हा जुना लेथ घेऊन घरामागच्या शेडमध्ये टॉवेलच्या मागांचे रोलर आणि पिना करत बसला. बाकी कशाचा त्याला गर्व नव्हता. पण मनाच्या एका कोपऱ्यात, कुणाला न सांगता, हा एक गर्व त्यानं जपून ठेवला होता.

त्या दिवशी दुपारी त्यानं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं आणि शेडच्या पत्र्यावर, बरोबर पोच्यावर टांगलं. शेडमध्ये तारीख बघायला लागते, असं तो वच्छलाला म्हणाला. तिनं 'बरं' म्हटलं. जेवताना आण्णांनी ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "चावी कुणाची सुटली ते कळलं काय?" जोतीराम म्हणाला, "चावी न्हवं आण्णा. माकड हुतं." "चावी हुती." "माकड, आण्णा. पत्र्यावर." आण्णांनी सुनेकडं बघितलं. वच्छला आमटी वाढता वाढता म्हणाली, "माकडच हुतं, आण्णा. जेवा तुमी." आण्णांचा चेहरा आधी ताठ होता, मग हळूहळू सैल झाला. अलीकडं असं पुष्कळदा व्हायचं. त्यांना एक वाटायचं, घर दुसरं सांगायचं आणि घराचंच खरं निघायचं. "असंल मग," असं म्हणून त्यांनी घास घेतला. जोतीरामनं मान ताटात घातली. या माणसाच्या डोक्यात आता फार काही शाबूत उरलं नव्हतं, आणि जे एक शाबूत होतं तेही आपण आज खोटं पाडलं. भीती शरमेहून मोठी असली की माणूस गप्प बसतो, आणि त्याची भीती फार मोठी होती.

भीती अशी, की आण्णांचंही असंच सुरू झालं होतं. चष्मा कपाळावर ठेवून शोधणं, एकच गोष्ट दोनदा सांगणं, हे सगळ्यांचंच होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस आण्णांनी चहासाठी गॅस सोडला, काडी लावली नाही, आणि शेगडीसमोर पाट घेऊन चहा उकळायची वाट बघत बसले. शेजारच्या रत्नम्माला वास आला म्हणून घर वाचलं. ती कानडी-मराठीत आरडत आली, तिनंच खिडक्या उघडल्या. त्या आठवड्यात जोतीरामनं आपल्या लेथवर पितळेची एक टोपी केली. ती गॅसच्या खटक्यावर बसवली की कुणाला खटका फिरवता यायचा नाही. टोपी काढायची खूण वच्छलाला तेवढी ठाऊक. त्यानं ती चांगली घासून गुळगुळीत केली होती. आण्णांनी खटका फिरवून बघितला, फिरला नाही. त्यांनी टोपीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कुणी केली रं? फिनिश लई चांगली हाय." त्या दिवसापासून ते पुन्हा स्वयंपाकघरात गेले नाहीत. पडवीत खाटेवर बसतात, हात मांडीवर ठेवून. मशीनवरून उतरलेला माणूस कसा बसतो, ते जोतीराम रोज येता-जाता बघत होता, आणि पुढची टोपी कोण करील, कशावर बसवील, हा विचार डोक्यातून जाता जात नव्हता.

तो स्वतःवर पाळत ठेवू लागला. घरातून निघताना कुलूप लावलं का, हे परत जाऊन बघायचा. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांची नावं मनात म्हणायचा आणि एखादं नाव आठवायला उशीर झाला की पहिल्यापासून परत म्हणायचा. मशीनसमोर उभा राहिला की बटण दाबण्याआधी खिळ्याकडं बघायचा, बटणाकडं बघायचा, परत खिळ्याकडं बघायचा. खिळ्यावर चावी असायची. तरी वाटायचं, ही मागच्या वेळची आठवण तर नव्हे? मग तो चावीला हात लावून बघायचा. असल्या हातानं काय काम होणार! टॉवेलवाल्याचे रोलर अर्धे पडून राहिले. एके दिवशी मोबाइलवर चाळता चाळता त्याला एक स्वस्तातली चावी दिसली. तिच्या टोकाशी स्प्रिंग होती. चकात घालून दाबून धरली तरच ती बसून राहायची आणि हात काढला की स्प्रिंग तिला आपणहून बाहेर ढकलायची. म्हणजे विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही. गिरणीत असली चावी कुणी आणली असती तर आण्णांनी ती खिडकीतून बाहेर फेकली असती. जोतीरामनं ती मागवली. पार्सल वच्छलाच्या हातात पडलं. "काय मागवलंय?" "गिऱ्हाइकाचं हाय," तो म्हणाला. एक थाप मारली की तिच्या मागं दुसरी लागतेच, ही काही त्याला नवी माहिती नव्हती, पण त्याला आता थापही अंगवळणी पडत चालली होती.

चावी बसली नाही. त्याच्या जुन्या चकचं चौकोनी भोक खोल होतं, आणि या चावीचं टोक भोकाहून जाड आणि बुटकं. शिवाय स्प्रिंगच्या पुढं नळीसारखं एक टोपण होतं. स्प्रिंग पार दाबली तरी त्या टोपणामुळं टोक आत जेमतेम नखभर शिरलं असतं. म्हणजे दोन कामं झाली, टोक कानसून बारीक करायचं आणि टोपण कापून आखूड करायचं. टोक सोपं होतं. लोखंड स्वस्तातलं, कानस पहिल्याच हाताला चावली. तो सकाळभर चारी बाजू कानशीत राहिला, भोकात घालून बघत राहिला, आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं. हात काय करायचं ते जाणत होते. टोपणाचं काम अवघड होतं. कमी कापलं तर चावी बसणार नाही, जास्त कापलं तर स्प्रिंग तिला पुरती बाहेर ढकलणार नाही आणि ती अर्धवट लटकून राहील, म्हणजे आधीपेक्षा वाईट. जरा जरा कापत, लावून बघत जायचं. आणि खरी गोम पुढंच होती. टोपण कापायला ते लेथच्या चकात धरायला हवं, चक आवळायला चावी हवी, आणि चावी होती ती जुनीच. विसरू नये म्हणून जी वस्तू करायची, ती करताना विसरायची संधी पुन्हा पुन्हा यायची.

त्यानं टोपण चकात धरलं. जुनी चावी घातली, आवळली, काढली. "हात चावीवर," तो मोठ्यानं म्हणाला. खिळ्यावर लावली. बघितलं. बटण दाबलं. कातायचं टूल टोपणाच्या तोंडावर हळूच टेकवलं, चकचकीत बारीक कीस निघाला. बंद केलं. परत चावी, ढिलं करणं, टोपण स्प्रिंगवर चढवून बघणं. अजून थोडं. परत चकात, परत चावी. चहा कधीच संपला होता, कप टूलबॉक्सवर तसाच होता. माशी येऊन कपावर बसली, ती त्यानं हाकलली नाही, कारण हाकलायला हात चावीवरून काढावा लागला असता. हसू यावं अशीच गोष्ट होती, पण त्याला हसू आलं नाही. आण्णांनी पडवीतून हाक मारली, "जोत्या! अरं जोत्या!" तो घाबरून धावला. आण्णा खाटेवर सरळ बसले होते. "चावी कुणाची सुटली रं?" त्यांनी विचारलं. जोतीराम नेहमीचंच बोलला, "माकड हुतं, आण्णा." पण या वेळी आण्णा 'असंल मग' म्हणाले नाहीत. ते नुसते त्याच्या हातांकडं बघत राहिले, आणि जोतीरामनं तेलकट हात मागं घेतले. वच्छला त्याच्या बाजूनं शेडकडं गेली आणि कप घेऊन परत आली.

शेडमध्ये येऊन तो बटणाकडं हात नेतो न नेतो तोच थबकला. आपण हाकेला धावलो तेव्हा चावी कुठं होती? हातात होती. मग? मान वळवायलाही त्याला भीती वाटली. वळवली. चावी खिळ्यावर होती, नीट, दांडा आडवा करून लावलेली. त्यानं चकात बघितलं. भोक रिकामं. कधी लावली? आठवत नव्हतं. पण लावली होती. म्हणजे डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते! त्याला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. गिरणीनं हातात भरलेलं हातातच राहतं, ते डोक्यात नसतंच मुळी, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि त्या धुंदीत त्यानं टोपणाचा शेवटचा काप घेतला. बरोबर उतरला. नवी चावी चकात गेली, ठसून बसली, फिरली. त्यानं हात काढला. स्प्रिंगनं तिला ढकललं आणि चावी टुणकन खालच्या ट्रेमध्ये पडली. त्यानं पुन्हा घातली, पुन्हा पडली. लहान पोरासारखा तो किती वेळ तेच करत राहिला.

मग त्यानं वच्छलाला हाक मारली. "अगं, जरा आत ये. कीस झाडलाय." ती पदराला हात पुसत आली. त्यानं काही न सांगता चावी घातली, हात काढला, चावी पडली. "परत करा," ती म्हणाली. परत पडली. "मी बघू?" तिनं स्वतः घालून बघितली. चावी तिच्या हातून सुटून ट्रेमध्ये वाजली तशी ती हसली आणि मोकळा श्वास सोडून म्हणाली, "बरं झालं बाई. माजं एक काम कमी झालं." जोतीराम म्हणाला, "तुजं कसलं काम?" वच्छलाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. ती खिळ्याकडं बघत म्हणाली, "काय न्हाय." "सांग की." "अवं, चा घिऊन यायची मी. तुमी मापं घेत बसलेले असायचा. चावी कदी कदी तितंच असायची, चकात. मी काढून खिळ्याला लावायची. बास, इतकंच." "कदीपासनं?" "लई दिस झालं. आण्णांचा गॅस बंद केला, त्याच्या आदीपासनं." तो स्टुलावर बसला. "आज?" त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं. "आजबी," ती म्हणाली. "कप न्यायला आले तवा."

बाहेर कुणाच्या तरी मागाचा खडखडाट चालू होता, तो एकदम फार जवळ आल्यासारखा वाटला. म्हणजे हातही विसरले होते. म्हणजे ती चावी उडाली तेव्हा पहिल्यांदा विसरलो असं नव्हतं. ती आत आली नाही असा तो पहिला दिवस होता. "सारकं सारकं आत येऊ नको," असं आपण म्हणालो होतो. तो कॅलेंडरकडं बघायला लागला. वच्छलानं त्याची नजर धरली. "ते कशापायी लावलंय ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी झाडाया आले तवा उचलून बघितलं. तितं हुभी राहूनबी बघितलं." तिनं बोट स्वतःच्या कपाळावर, कुंकवावर टेकवलं. "हितं येतंय." जोतीराम म्हणाला, "मग बोलली का न्हाईस?" "काय बोलू? तुमी सांगशाल म्हणून वाट बघत हुते. आन बोलले असते तर तुमी मशीन बंद केलं असतं." तिनं पडवीच्या दिशेनं मान वळवली. "मशीन बंद केल्यावर माणूस कसं बसतंय, ते बघतोय की आपण." मग ती खाली बघून म्हणाली, "पर आण्णांना उगंच येडं ठरवलं आपण. दोगांनी मिळून. त्येचं मला रोज लागतंय." तिला रडू येत होतं आणि ती ते पदरात दाबत होती. जोतीरामनं खिळ्यावरची जुनी चावी काढली आणि तो पडवीत गेला.

आण्णा तसेच बसले होते. तो त्यांच्या पायाशी, फरशीवर बसला आणि चावी त्यांच्या हातात दिली. "आण्णा, माजी सुटली," तो म्हणाला. "माकड न्हवतं. चावीच हुती. तुमचं खरं हुतं." आण्णांनी चावी तोलली, तिच्या घासलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. हिशेबाला आलेला कारागीर समोर असावा तसे ते ताठ बसले आणि सुनेला म्हणाले, "सूत आण." घरात सूत कुठलं? वच्छला आत गेली आणि परकराची एक पांढरी नाडी घेऊन आली. आण्णांना अलीकडं सदऱ्याची बटणंसुद्धा लावता येत नव्हती. पण त्यांनी नाडी दांड्याखालून ओवली, पोराच्या मानेमागं नेली आणि गाठ मारली ती पहिल्या झटक्यात, घट्ट. मग त्यांनी जोतीरामच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. गिरणीत ते असं कुणाला करायचे नाहीत. "भोंगा झाला की काड," ते म्हणाले.

वच्छलानं पितळेची टोपी काढून गॅस लावला आणि चहा केला. तिघांनी तो पडवीत बसून घेतला. रत्नम्मा कुंपणावरून डोकावली, जोतीरामच्या छातीवरची चावी बघून तिनं तोंड उघडलं, पण वच्छलाच्या चेहऱ्याकडं बघून तशीच मागं वळली. चावी जड होती, वाकलं की बशीला लागत होती. आण्णांनी कप खाली ठेवला, जोतीरामच्या गळ्याकडं टक लावून बघितलं आणि काळजीनं विचारलं, "कुणाची सुटली रं?" "माजी," जोतीराम म्हणाला. आण्णांनी मान हलवली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. पूर्वी याच सुमाराला भोंगा व्हायचा आणि रस्ता माणसांनी भरून जायचा. "भोंगा झाला काय?" आण्णांनी विचारलं. जोतीरामनं वच्छलाकडं बघितलं. "न्हाय अजून," तो म्हणाला, आणि चावी एका हातानं बाजूला धरून त्यानं उरलेला चहा प्यायला.